दादाची गाडी आणि मी न दिलेला आकडा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी द्वारका चौकात रिक्षात बसले होते आणि सिग्नल लाल होता. "ताई, हे गेले..." एवढंच ती म्हणाली. मग फोनवर नुसता घरातल्या माणसांचा गलका ऐकू येत राहिला. समोर एक जुनी चौकोनी व्हॅन उभी होती. सिग्नल सुटला, व्हॅन निघाली, आमची रिक्षाही निघाली, आणि मला आठवलं काय, तर अशाच एका व्हॅनमधून आम्ही सटाण्याला लग्नाला गेलो होतो ते. ड्रायव्हरशेजारी बसलेल्या मामीला सीटखालून चटके बसत होते आणि ती कुरकुरत होती. दादा मागून म्हणाला, "मामी, इंजिन तुमच्या सीटखाली आहे. पुढच्या चाकांच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. जगातल्या भारीतल्या भारी स्पोर्ट्‌स कारचं इंजिनसुद्धा असंच मधे असतं." मामी म्हणाली, "मग तूच ये की इथं बसायला." तो खरंच पुढे जाऊन बसला आणि सटाणा येईपर्यंत डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत राहिला. माझा भाऊ विनायक बासष्टाव्या वर्षी, सकाळी चहा पिता पिता गेला, आणि मी रडायच्या आधी हसले, हे आज कबूल करते. कबूल करण्यासारखं अजूनही एक आहे. हा लेख त्यासाठीच आहे.

दहा दिवसांनी दादाच्या कारखान्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. चाळीसेक माणसं होती. पहिल्या रांगेत पांढरा झब्बा घालून मकरंद बसला होता. हे त्याचं खरं नाव नाही. खरं नाव छापता येणार नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी मला बजावून सांगितलं आहे. मकरंद दादाचा शाळेपासूनचा मित्र, पुढे भागीदार, आणि आता शहरातल्या एका मोठ्या मोटार शोरूमचा मालक. दोघं-तिघं बोलल्यावर तो उठला, माइक हातात घेतला आणि म्हणाला, "विनायकच्या हातात जादू होती. माणूस म्हणून त्याच्याकडून एक फार मोठी चूक झाली. त्यात माझा जीवही गेला असता. पण आज त्याच्या फोटोसमोर सांगतो, मी त्याला माफ केलंय." मागे कुणीतरी डोळे पुसले. वहिनीनं मान खाली घातली. आणि मी, जिला तिथल्या तिथे उठून त्या माणसाच्या हातातला माइक हिसकावून घ्यायला हवा होता, ती मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. कारण तो खोटं बोलतोय हे सिद्ध करायचं तर मला स्वतःबद्दल काही सांगावं लागणार होतं, आणि ते मी तेवीस वर्षं कुणालाही सांगितलेलं नव्हतं. दादालासुद्धा नाही.

आमचं घर मखमलाबादकडचं. वडील फुलांची शेती करायचे. गुलाब, शेवंती, झेंडू. पहाटे फुलं तोडायची, शेडमध्ये टोपल्या भरायच्या आणि बाजारात पोचवायच्या. दादा सायकलवर टोपल्या न्यायचा, आणि वजन कुठं बांधलं की सायकल कशी वागते याचं वेड त्याला तेव्हापासूनचं. टोपली हँडलला लावली की वळायला जड जातं, कॅरिअरला बांधली की मागचं चाक ढकलल्यासारखं होतं, आणि दोन्ही पायांच्या मधे, दांडीवर ठेवली की सायकल हवी तिकडे नुसती झुकते. "सुलू, वजन मधे आलं की गाडी ऐकायला लागते," असं तो मला सांगायचा. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला पटत नाही म्हटल्यावर त्यानं अंगणात माझ्याशी फुगडी घातली. आधी हात लांब ताणून, मग कोपरं आखडून. आखडल्यावर आम्ही इतक्या जोरात फिरलो की मी जाऊन शेवंतीच्या वाफ्यात पडले. "बघ," तो म्हणाला, "वजन मधे आलं की फिरणं सोपं. पण सुटलं की आवरणं अवघड. दोन्ही लक्षात ठेव."

डिप्लोमा करून तो अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला लागला. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला आणि सातपूरला नकाशे काढायला लागले. संध्याकाळी आम्ही दोघं शेडमध्ये बसायचो आणि तो मला गाड्यांच्या गोष्टी सांगायचा, दुसरी मुलं सिनेमाच्या सांगतात तशा. मोटारी आल्या तेव्हा इंजिन पुढे ठेवलं गेलं, कारण त्याआधी घोडे पुढे असत, एवढंच त्याचं कारण, असं तो म्हणायचा. शर्यतीच्या गाड्यासुद्धा कितीतरी वर्षं तशाच, लांब नाकाच्या. मग परदेशातल्या एका छोट्या वर्कशॉपवाल्यांनी इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे पण मागच्या आसाच्या पुढे बसवलं. मोठे कारखाने त्यांना हसले. आणि थोड्याच वर्षांत त्या किरकोळ दिसणाऱ्या गाड्या वळणावळणावर मोठ्यांना मागे टाकायला लागल्या, तेव्हा हसणाऱ्यांनीही मुकाट्यानं इंजिनं मागे नेली. हे सांगताना दादाच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो मला अजून दिसतो. मग इटलीत एका ट्रॅक्टर बनवणाऱ्या माणसानं रस्त्यावरच्या गाडीत भलंमोठं इंजिन सीटच्या मागे आडवं ठेवलं, आणि ती इतकी बुटकी आणि देखणी झाली की जगभरच्या पोरांनी तिची चित्रं भिंतीवर लावली. मग पाचरीसारख्या, सुरीनं कापल्यासारख्या गाड्या आल्या. "पण सुलू, खरी गंमत जपानी लोकांनी केली," हे त्याचं आवडतं वाक्य. साध्या घरगुती गाडीचं, पुढची चाकं ओढणारं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलायचं आणि तसंच्या तसं मागच्या चाकांपाशी बसवायचं. झाली स्पोर्ट्‌स कार! राजेराजवाड्यांची गोष्ट कारकुनाच्या आवाक्यात आली. "म्हणजे आपल्याही," असं तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. मला कळलं की हे नुसतं बोलणं नाही.

ती गाडी करायला सहा वर्षं लागली. अपघातात पुढून चेपलेली एक छोटी गाडी त्यानं मालेगावच्या भंगारवाल्याकडून आणली, कारण तिचं इंजिन शाबूत होतं. पाइप वाकवून, जोडून सांगाडा केला. फायबरच्या अंगासाठी साचा हवा होता, तर गल्लीतल्या गणपतीच्या मूर्तिकाराला धरून आणलं. त्यानं आधी हात जोडून "अहो, मी देव करतो" असं सांगितलं, आणि मग महिनाभर तहानभूक विसरून तो साचा घासत बसला. नकाशे माझे. प्रत्येक कागदावर खाली उजव्या कोपऱ्यात मी लिहायचे, 'रचना विनायक, आरेखन सुलभा.' वडील रोज संध्याकाळी येऊन गाडीभोवती एक चक्कर मारायचे. एकदा त्यांनी पुढचं झाकण उघडून पाहिलं, आत इंजिनच नाही, नुसतं जास्तीचं चाक. मागचं उघडलं, आत इंजिन. "अन् फुलाची टोपली कुठं ठेवायची?" दादा म्हणाला, "बाबा, या गाडीत टोपली नाही बसत." वडील म्हणाले, "लय कष्ट केले रं, पण टोपली ठेवायला जागा नाय म्हंजे गाडी अर्धीच झाली." दादा इतका हसला की त्याच्या हातातला पाना खाली पडला.

पहिल्यांदा मी त्या गाडीत बसले ती सकाळ... शेडपासून कालव्याच्या रस्त्यानं आम्ही निघालो. पुढे बॉनेटचं नाक नव्हतं, त्यामुळे रस्ता पायाच्या बोटांपासूनच सुरू व्हायचा. मागचं काही दिसायचं नाही, पाठीला ऊब लागायची आणि आवाज थेट मानेत शिरायचा. बोलायचं तर ओरडावं लागे. पहिलं वळण आलं आणि मला कळलं की दादा इतकी वर्षं काय सांगत होता. इतर गाड्या वळतात तेव्हा नाक आधी जातं आणि आपण मागून ओढले जातो. ही गाडी आपल्याभोवतीच वळली, जशी मान वळवावी तशी. मी ओरडून "परत!" म्हटलं. दादा मात्र कपाळाला आठ्या घालून होता. त्यानं मुद्दाम तेच वळण जरा वेगात घेतलं, आणि अर्ध्यात असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलला. गाडीची शेपूट सटकली. गाडी रस्त्यात आडवी उभी राहिली. कुणाला काही लागलं नाही. तो शांतपणे म्हणाला, "फुगडी." पाय उचलला की वजन पुढे पळतं, मागची चाकं हलकी पडतात आणि मधे इंजिन असलेली गाडी इतक्या चटकन फिरते की सावरायला वेळच मिळत नाही. पुढचे चार महिने तो फक्त मागच्या चाकांवर काम करत होता. ती पुढच्या बाजूनं एकमेकांकडे किंचित वळलेली असली, कारखान्यात त्याला टो-इन म्हणतात, की गाडी माफ करते. किती वळवायची हे त्यानं शेकडो वेळा मोजून, चालवून, परत मोजून ठरवलं. तो आकडा नकाशांवर नव्हता. तो त्याच्या डोक्यात होता, आणि त्याच्या सांगण्यावरून मी लिहून ठेवलेल्या एका वहीत.

मकरंद या सहा वर्षांत येऊन-जाऊन असायचा. बोलका, गोड, सगळ्यांशी ओळख. मी त्याला मकरंददादा म्हणायचे, आई त्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. गाडी तयार झाल्यावर तो म्हणाला, पुण्यात प्रदर्शन आहे, तिथं ठेवू, लोकांना कळू दे की नाशिकमध्ये काय होतं. दादानं गाडी दिली, नकाशांच्या प्रतीही दिल्या, आणि दोघांच्या नावानं काम पुढे न्यायचं ठरलं. आठ दिवसांनी पेपरात फोटो आला. गाडीच्या दाराला टेकून मकरंद उभा होता. खाली लिहिलं होतं, नाशिकच्या तरुण उद्योजकानं स्वतः रचना करून तयार केलेली, मध्यभागी इंजिन असलेली स्पोर्ट्‌स कार. आत दहाव्या-बाराव्या ओळीत 'त्यांचे मेकॅनिक विनायक' होते. मी तो पेपर घेऊन शेडमध्ये गेले. दादानं वाचलं, घडी घातली आणि म्हणाला, "फोटोत गाडी छान आलीय." मी म्हटलं, "दादा, वकील गाठू. मूळ नकाशे माझ्याकडे आहेत." तो म्हणाला, "भांडायला गेलो तर माझी वर्षं त्यातच जातील. मी दुसरी गाडी करतो." त्याचा हा चांगुलपणा मला तेव्हाही सहन झाला नाही आणि आजही होत नाही. त्या दिवसापासून मी मकरंदला 'अहो मकरंदराव' म्हणायला लागले. त्याला ते बरोबर कळलं.

गाडी परत आली नाही. मकरंदनं तिला नवा रंग दिला, चमकणारी, रुंद नवी चाकं बसवली आणि सिन्नरच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या आवारात पाहुण्यांना बोलावून ती चालवून दाखवायचं ठरवलं. आदल्या दिवशी संध्याकाळी घरातला फोन वाजला. दादा शेतावर होता. फोन मी उचलला.

"सुलू, विनायक आहे?"

"नाही."

"अगं, ते मागच्या चाकांचं... नवीन चाकं लावताना सगळं खोललं होतं. तो आकडा किती ठेवायचा? वहीत असेल ना तुझ्या?"

वही माझ्यासमोर कपाटात होती. हात लांब केला असता तर लागली असती. तशी गरजही नव्हती, आकडा मला पाठ होता. मी म्हटलं, "मकरंदराव, रचना तुमची आहे ना? मग आकडाही तुमच्याकडेच असेल." आणि फोन ठेवला. त्यानं परत फोन केला नाही. दादा घरी आला, हातपाय धुतले, जेवला. मी काही बोलले नाही. उलट जेवताना म्हटलं, "उद्या तिकडे जाऊ या का? लांबूनच बघू." तो म्हणाला, "कशाला?" मी म्हटलं, "आपली गाडी आहे, बघायला काय हरकत आहे?" मला त्याला ते दाखवायचं होतं. मकरंद सगळ्यांसमोर तोंडावर आपटताना दादानं स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, म्हणून मी त्याला तिथे घेऊन गेले.

मांडव होता, खुर्च्या होत्या, पुण्याहून आलेले एक वयस्क इंजिनिअर साहेब होते, ज्यांचं सगळं आयुष्य गाड्यांच्या चाचण्या घेण्यात गेलं होतं. आम्ही स्कूटर लावून कडेला उभे राहिलो. दादाला लांबूनच नवी चाकं दिसली आणि त्याचा चेहरा बदलला. तो तडक गाडीपाशी गेला. मी मागोमाग. "मकरंद, मागचं मोजून बसवलंस का?" मकरंदनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पाहुण्यांकडे, आणि हसून मोठ्यानं म्हणाला, "हे आमचे मेकॅनिक. फार काळजी करतात." दादा वाकून हळू म्हणाला, "ऐक. वळणात पाय उचलू नकोस. काही झालं तरी उचलू नकोस." मकरंदनं दार ओढून घेतलं.

पहिला फेरा सावकाश झाला. टाळ्या पडल्या. टाळ्यांनी तो चढला. दुसऱ्या फेऱ्याला गोदामामागच्या वळणात तो वेगात शिरला, घाबरला, आणि घाबरलेला कुठलाही माणूस जे करेल तेच त्यानं केलं. गाडी भोवऱ्यासारखी फिरली. एकदा, दोनदा, आणि मग मागच्या बाजूनं घसरत जाऊन वाळूच्या ढिगात रुतली. लोक धावले. दादा सगळ्यांच्या पुढे होता. मी मात्र जागची हलले नाही. ती गाडी फिरत होती तेवढा वेळ मला आनंद झाला होता, स्वच्छ, निखळ आनंद, आणि धूळ खाली बसल्यावर आत काहीच हललं नाही तेव्हा तो संपला. मग दार उघडलं. मकरंद बाहेर आला. त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मकरंद म्हणाला, "ब्रेक लागले नाहीत." साहेबांनी मान हलवली, त्यांना ते पटलं नव्हतं. तेव्हा दादा न विचारता बोलला. मागची चाकं बाहेरच्या बाजूला उघडलेली आहेत, आत हवीत, हे त्यानं दोन्ही तळहात तसे धरून दाखवलं. गाडी वाळूतून ओढून काढायला लावली, दोन पाने मागितले, जमिनीवर आडवा झाला आणि पंधरा मिनिटांत, दोरी ताणून माप घेत, ती चाकं जागेवर आणली. मग साहेबांच्या सांगण्यावरून तीच गाडी, तेच वळण, मकरंदपेक्षा वेगात. पाय उचलून दाखवला. गाडी थोडी कुरकुरली आणि सरळ झाली. साहेबांनी त्याला बाजूला घेऊन आपलं कार्ड दिलं. म्हणाले, "पुण्याला या. तुमच्यासारखी माणसं मला हवी आहेत." स्कूटरवर येताना दादा गात होता. मी इतकी खूश होते की त्या फोनबद्दल सांगून टाकावं असं वाटलं... सांगितलं नाही.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. मकरंदनं साहेबांना आणि हळूहळू अख्ख्या औद्योगिक वसाहतीला सांगितलं की विनायकनं जळफळाटानं आदल्या दिवशी गाडीच्या मागच्या चाकांचे नट फिरवून ठेवले. "नाहीतर पंधरा मिनिटांत नेमकी चूक कशी सापडली? आणि तो तिथे आलाच कशाला होता, न बोलावता?" लोकांना ते पटलं. दादाचं कसब हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा झाला, आणि न बोलावता तो तिथे आला होता माझ्यामुळे. मकरंद फोनबद्दल एक अक्षर बोलला नाही. बोलला असता तर स्वतःच्या गाडीचा आकडा त्याला दुसऱ्याला विचारावा लागला, हे उघड झालं असतं. आणि मीही बोलले नाही. त्या एका फोनवर तो आणि मी, दोघंही, तेवीस वर्षं झाकण धरून बसलो होतो.

टूलरूममध्ये दादाच्या हाताखाली काम करायला लोक बिचकायला लागले. त्यानं केलेली जोडणी दुसऱ्याकडून तपासून घेतली जायची. दुसरी गाडी त्यानं कधीच केली नाही. शेडमध्ये परत टोपल्या आल्या. एकदा, बऱ्याच वर्षांनी, चहा पिताना तो म्हणाला, "मला एकच कळत नाही सुलू. मकरंदनं मला विचारलं का नाही? एक फोन केला असता तर मी सांगितलं असतं." मी कप विसळायला आत निघून गेले. शेवटच्या दोन-चार वर्षांत तो मोबाइलवर नव्या गाड्या बघायचा. अमेरिकेतली एक जुनी, पिढ्यान्‌पिढ्या पुढे इंजिन असलेली स्पोर्ट्‌स कार, तिचंही इंजिन त्यांनी अखेर सीटच्या मागे नेलं, ते दाखवायला तो मुद्दाम माझ्याकडे आला होता. विजेच्या गाड्यांचं तर सगळं वजन चाकांच्या मधे, तळाशी. "सगळे मधे आले गं शेवटी," असं म्हणून तो लहान मुलासारखा हसला. त्याला कुणाबद्दलच राग नव्हता. त्याच्या वाटचा राग मी सांभाळत होते, आणि तो मी मकरंदवर काढायला गेले, पण निघाला होता दादावरच.

शोकसभेनंतर तीन दिवसांनी मी मकरंदच्या शोरूमवर गेले. दर्शनी काचेमागे ती गाडी उभी आहे, लाल रंगाची, शेजारी पितळी पाटी, पाटीवर त्याचं नाव. त्यानं मला केबिनमध्ये बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"मी दादावर लेख लिहितेय," मी म्हटलं. "त्यात तुमच्या त्या फोनबद्दल लिहिणार आहे."

त्यानं केबिनचं दार लावून घेतलं. मग म्हणाला, "त्यात तुझीही बदनामी आहे, सुलू. माणूस मेला असता."

"आहे ना. ती मी घेते."

"विनायकनंच तुला सांगितलं होतं ना, आकडा देऊ नकोस म्हणून?"

"त्याला तुमचा फोन आल्याचंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर रात्रीत स्कूटर काढून तुमच्याकडे आला असता आणि स्वतःच्या हातानं चाकं लावून दिली असती."

मकरंद खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी मोडलेलं दिसलं. मला त्याची दया येईल असं वाटलं होतं. आली नाही. "नट फिरवले म्हणून तुम्ही सांगत सुटलात," मी म्हटलं, "ते खोटं आहे हे तुम्हाला तेव्हाही माहीत होतं. आणि आता त्याच्या फोटोसमोर उभं राहून माफ करता?" त्यानं हलकेच विचारलं, "माझं नाव छापणार?" मी म्हटलं, "संपादक छापू देत नाहीत. पण अशी गाडी नाशिकमध्ये एकच आहे."

ज्यांनी माझ्या भावाला खोडसाळ ठरवलं, त्यांच्यासाठी इथे लिहून ठेवते. फोन आला होता. आकडा मी दिला नाही. तो आकडा होता तीन मिलिमीटर, आत. ज्याला हवा त्यानं घ्यावा. मात्र तो विनायकचा आहे, हे सांगून घ्यावा. मकरंदला मी माफ केलेलं नाही. स्वतःला करायचं की नाही, ते ज्याच्या हातात होतं तो गेला.

निघताना मी सरळ त्या गाडीपाशी गेले, तिच्याभोवतीची दोरी ओलांडली आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. कुणी अडवलं नाही. आत बसले तर पाठीशी एक जाड गादी लागली, शिवून घेतलेली, लाल रंगाला साजेशी. मकरंद ठेंगणा आहे. ती सीट पुढे-मागे होत नाही, दादानं ती सांगाड्यालाच जोडून टाकली होती, स्वतःचे पाय पसरून, मला खडूनं खूण करायला लावून. एवढी वर्षं या माणसाला दादाच्या जागी बसायला पाठीशी गादी घ्यावी लागत होती. मी ती काढली. पाठ मागे टेकली तेव्हा माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात, गुडघे सरळ झाले तरी वीतभर अंतर उरलं. सहा फूट उंचीच्या माणसाचं अंतर ते. मानेमागे पत्र्याच्या पलीकडे गार इंजिन होतं. मी तशीच थोडा वेळ बसून राहिले... मग बाहेर आले. मकरंद केबिनच्या दारात उभा होता. गादी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "ही तेवढी तुमची."